दोघांचं लंडन, एका दिवसात

लंडन पाहायला पुष्कळ जोडप्यांना जेमतेम एकच दिवस मिळतो. मुलगा किंवा मुलगी इंग्लंडमधल्या दुसऱ्या गावात नोकरीला असते, मुक्काम तिकडे असतो आणि लंडनसाठी मधला एखादा दिवस निघतो. युरोपच्या सहलीत एक दिवस ‘मोकळा’ ठेवलेला असतो. कधी एकाचं ऑफिसचं काम असतं आणि दुसरा रजा काढून सोबत गेलेला असतो. अशा वेळी ओळखीपाळखीतले सगळे आपापल्या याद्या पाठवतात. त्या जोडून चौदा-पंधरा ठिकाणांची एक यादी तयार होते आणि दिवस तिच्यामागे धावण्यात जातो. प्रत्येक ठिकाण बाहेरून दिसतं, प्रत्येकासमोर एक फोटो निघतो आणि दुपारी तीनच्या सुमाराला एकाचे पाय बोलू लागतात, तर दुसऱ्याचा धीर सुटतो.

त्याऐवजी एक साधं सूत्र धरा. एक ठिकाण दोघांचं, एक तिच्या आवडीचं, एक त्याच्या आवडीचं. बाकी जे वाटेत लागेल ते चालता चालता पाहायचं. त्यासाठी वाट वाकडी करायची नाही. दोघांच्या ठिकाणाला सकाळचे तीन तास, आपापल्या आवडीला दुपारचे साडेतीन तास, जेवणाला निवांत एक तास आणि उरलेला वेळ चालायला, बसायला आणि गाडीला. सकाळी नऊ ते संध्याकाळी आठ हा वेळ एवढ्याने भरतो. लंडनसारखं अफाट शहर एका दिवसात संपत नाही, पण दोघांनाही आपला वाटेल असा एक दिवस तिथे नक्की घालवता येतो.

आधी एकमेकांना विचारा

तिकिटं काढण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आपलं एकेक ठिकाण लिहावं. हे पोरकट वाटेल, पण त्याने बराच घोळ टळतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत एक जण सगळी आखणी करतो आणि दुसरा ‘मला काहीही चालेल’ म्हणून मोकळा होतो. काहीही चालेल असं म्हणणाऱ्या माणसालाही मनातून काहीतरी हवं असतं. ते संध्याकाळी, वेळ निघून गेल्यावर कळलं तर दोघांनाही वाईट वाटतं. म्हणून नेट लावून विचारा आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कोणाला काय आवडेल हे गृहीतही धरू नका. क्रिकेटचं मैदान तिला पाहायचं असेल आणि चित्रं त्याला. एखाद्याला नुसतं नदीकाठी बसायचं असेल. हीसुद्धा आवडच आहे; तिलाही दिवसात तेवढीच जागा द्या.

खर्चाचंही आदल्या दिवशीच बोलून घ्या. पौंड शंभर रुपयांच्या केव्हाच पुढे गेला आहे आणि मोठ्या ठिकाणांचं तिकीट माणशी तीस पौंडांच्या आसपास किंवा वरही जातं. दारात उभं राहून ‘एवढे पैसे कशाला’ ही चर्चा नको. लंडनची मोठी सरकारी संग्रहालयं मात्र विनामूल्य आहेत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, टेट मॉडर्न या सगळ्यांचा कायमचा संग्रह पाहायला एक पैसाही लागत नाही. म्हणून एखादंच महाग तिकीट काढायचं आणि बाकी दिवस फुकटच्या उत्तम जागांमध्ये घालवायचा, हा हिशोब चांगला बसतो.

आदल्या दिवशीची तयारी

*कार्ड.* लंडनच्या बस आणि ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, यांत बँकेचं टॅप करायचं कार्ड थेट चालतं. व्हिसा किंवा मास्टरकार्ड असलं म्हणजे वेगळं तिकीट काढावं लागत नाही. मात्र दोघांना दोन वेगळी कार्डं हवीत. एका कार्डावर दोन माणसं जाऊ शकत नाहीत. भारतीय कार्डावर परदेशातला वापर आपल्यालाच सुरू करावा लागतो, तो बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधी करून घ्या. ट्यूबमध्ये आत शिरताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा टॅप करायचं. बसमध्ये फक्त चढताना. सकाळी कार्ड वापरलं असेल तर दिवसभर तेच कार्ड वापरा. मध्येच फोनने टॅप केलं तर यंत्रणा त्याला वेगळा प्रवासी समजते आणि दिवसभराच्या भाड्याला जी कमाल मर्यादा असते तिचा फायदा जातो. बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. पहिल्या टॅपपासून तासाभरात दुसरी बस धरली तर तिचं भाडं लागत नाही.

दुकानात किंवा हॉटेलात पैसे देताना यंत्रावर कधी कधी ‘पौंड की रुपये’ असा प्रश्न येतो. पौंड निवडा. रुपये निवडले तर दर दुकानाच्या यंत्राचा लागतो आणि तो सहसा आपल्याला महाग पडतो.

*फोन.* दोघांच्याही फोनमध्ये इंटरनेट असावं. एकाच्याच फोनवर सगळा दिवस चालवला की दुसरा माणूस दिवसभर त्याच्या मागे मागे फिरतो आणि चुकामूक झाली तर अडकतो. मुक्कामाचा पत्ता दोघांनी कागदावरही लिहून जवळ ठेवावा.

*पाय.* अशा दिवसात दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. नवे बूट नकोत. महिनाभर वापरलेले, पायाला सवय झालेले बूट घाला. साडी नेसायची असेल तर जरूर नेसा, पण खाली बूटच घाला. सकाळी जिथे जायचं त्या टॉवर ऑफ लंडनच्या आवारात दगडी फरसबंदी आहे आणि जुन्या इमारतींत अरुंद जिने आहेत. अंगावर एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे आणि पिशवीत घडीचं रेनकोट-जाकीट कोणत्याही महिन्यात असावं. गुडघे दुखत असतील तर ट्यूबच्या नकाशावर व्हीलचेअरची खूण असलेली स्टेशनं बघून ठेवा. त्या स्टेशनांत लिफ्ट किंवा उतार असतो. पुष्कळ जुन्या स्टेशनांत तशी सोय नाही.

*औषधं आणि खाणं.* उन्हाळ्यात लंडन भारताच्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा त्याप्रमाणे डॉक्टरांना विचारून ठरवून घ्या. मधुमेह असेल त्याने खिशात काहीतरी खायला ठेवावंच, कारण रांगेत वेळ कसा गेला ते कळत नाही. तिखटामिठाच्या पुऱ्या, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू यांचा दिवसभर मोठा आधार असतो. पण भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, म्हणून पेढे, बर्फी आणि तूप घरीच राहू द्या.

सकाळ: टॉवर ऑफ लंडन

दोघांचं ठिकाण म्हणून मी टॉवर ऑफ लंडन सुचवतो. याला कारणं दोन. लंडनचा राजवाडा, तुरुंग, शस्त्रागार आणि खजिना असा नऊ शतकांहून मोठा इतिहास एकाच तटबंदीत आहे, त्यामुळे आवडी वेगळ्या असल्या तरी दोघांना काहीतरी मिळतंच. दुसरं म्हणजे इथून नदीकाठाने पुढचा सगळा दिवस सरळ मांडता येतो.

इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमने अकराव्या शतकाच्या अखेरीस इथला मधला पांढरा बुरूज, व्हाइट टॉवर, बांधायला घेतला. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा आणि दार उघडण्याच्या वेळेला हजर राहा. मंगळवार ते शनिवार सर्वसाधारणपणे नऊ वाजता आणि रविवार-सोमवारी दहा वाजता उघडतं, पण आपल्या तारखेची वेळ संकेतस्थळावर पाहून घ्या. टॉवर हिल स्टेशनमधून बाहेर पडलं की समोरच तट दिसतो.

आत गेल्याबरोबर आधी राजमुकुटांच्या दालनाकडे, ज्युएल हाउसकडे चला. अकरानंतर तिथली रांग वाढत जाते. कोहिनूर शोधताना पुष्कळांची एक गल्लत होते. तो राजाच्या मुकुटात नाही. १९३७ साली राणी एलिझाबेथ, म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथच्या आई, यांच्यासाठी घडवलेल्या मुकुटात तो बसवलेला आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो अपेक्षेपेक्षा लहान वाटतो. १८४९ च्या लाहोर तहात दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगांकडून तो घेतला गेला आणि १८५२ मध्ये लंडनमध्ये नव्याने पैलू पाडताना १८६ कॅरटचा हिरा सुमारे १०५ कॅरटवर आला. हा इतिहास आदल्या रात्री एकमेकांना सांगून ठेवा. काचेसमोर सरकता पट्टा असतो, वेळ थोडा मिळतो आणि फोटो काढायला बंदी आहे. मनात राग, कुतूहल, हळहळ सगळं एकदम येईल. तेव्हा लगेच पुढे धावू नका. बाहेर आलात की एखाद्या बाकावर दहा मिनिटं बसून त्याबद्दल बोला.

त्यानंतर पारंपरिक वेषातल्या पहारेकऱ्यांची, यीओमन वॉर्डरांची, फेरी धरा. ती तिकिटातच असते, दिवसभर ठरावीक अंतराने निघते आणि तासाच्या आत-बाहेर संपते. हे सगळे सैन्यात दीर्घ सेवा केलेले लोक आहेत आणि गोष्ट रंगवून सांगतात. इंग्रजी भरभर वाटलं तरी पुढे उभे राहा. हावभावांवरून बरंच कळतं. १५३६ मध्ये राणी अ‍ॅन बोलिनचा शिरच्छेद जिथे झाला ते आवार, बंदिवानांनी भिंतीत कोरलेली अक्षरं आणि किल्ल्याने पाळलेले डोमकावळे हे सगळं याच फेरीत किंवा तिच्या आसपास पाहून होतं. व्हाइट टॉवरमधले गोल जिने चढायचे नसतील तर एकाने वर जावं, दुसऱ्याने हिरवळीजवळ थांबावं. प्रत्येक पायरी दोघांनी बरोबरच चढली पाहिजे असं काही नाही.

पूल, नदीकाठ आणि जेवण

बाराच्या सुमाराला टॉवरमधून निघून टॉवर ब्रिजवरून थेम्स ओलांडा. चालत जायला पैसे लागत नाहीत. १८९४ साली खुला झालेला हा पूल मोठ्या जहाजांसाठी आजही मधून उघडतो आणि उघडण्याच्या वेळा आधी जाहीर होतात. तुमच्या वेळेजवळ एखादी असेल तर पंधरा मिनिटं थांबण्यासारखं ते दृश्य आहे. वरच्या मजल्यावरच्या काचेच्या वाटेला वेगळं तिकीट आहे. या दिवसात ते सोडून दिलेलं बरं. दोघांचा एकत्र फोटो हवा असेल तर पुलाच्या दक्षिण टोकाला खाली उतरून नदीकाठावर काढून घ्या. तिथे पूल पूर्ण येतो आणि काढून द्यायला कोणीतरी पर्यटक असतोच.

दक्षिण काठाने पश्चिमेला चालत राहिलं की दुसऱ्या महायुद्धातली युद्धनौका एचएमएस बेलफास्ट लागते आणि वीस-पंचवीस मिनिटांत लंडन ब्रिजजवळचं बरो मार्केट. सोमवारी हा बाजार बंद असतो. चीज, पाव, फळं, मासे आणि तयार जेवणाचे गाळे एका छपराखाली आहेत. शनिवारी चिक्कार गर्दी असते. आधी एक फेरी मारून बघा, मग दोन वेगळ्या गाळ्यांवरून दोन पदार्थ घ्या आणि अर्धे-अर्धे खा.

शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवावं. ब्रिटनमध्ये ‘व्हेजिटेरियन’ पदार्थात अंडं असू शकतं. अंडंही चालत नसेल तर ‘व्हीगन’ अशी खूण असलेला पदार्थ बघा. त्यात अंडं, दूध, मध काहीच नसतं. उपवास असेल तर फळं, दाणे आणि पुष्कळ कॅफेंत मिळणारा जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, लोण्याबरोबर घेता येतो. स्वस्तात भागवायचं असेल तर कोणत्याही मोठ्या किराणा दुकानात सँडविच, खाऊ आणि पेय मिळून एकत्र दरात मिळतात. ते घेऊन नदीकाठच्या बाकावर बसा. हॉटेलात बसून जेवलात तर बिल नीट वाचा. बहुतेक वेळा साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं, मग वेगळी टिप द्यायची गरज नाही. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, मागितलं की फुकट मिळतं. विकतच्या बाटलीवर पैसे घालवू नका.

दुपार: आपापली आवड

आता सव्वादोन वाजलेले असतील. इथून पुढचा वेळ तुमच्या दोन कागदांवरच्या ठिकाणांचा. दोन्ही ठिकाणं जवळजवळ असतील तर दोघं मिळून दोन्ही पाहा. नसतील तर निःसंकोच वेगळे व्हा. नवरा-बायको परदेशात दोन तास वेगळे फिरले तर सहल बिघडते असं आपल्याकडे उगाच वाटतं. उलट एकाला कंटाळवाण्या वाटणाऱ्या जागी ताटकळत ठेवल्याने दोघांचाही वेळ वाया जातो. वेगळे फिरून आलेली दोन माणसं संध्याकाळी भेटली की सांगायला दोघांकडेही काहीतरी असतं. त्यासाठी अट एकच: भेटायची वेळ आणि जागा पक्की ठरलेली हवी. मी सहा वाजता संसद चौकातला, म्हणजे पार्लमेंट स्क्वेअरमधला, गांधीजींचा पुतळा सुचवतो. तो ओळखायला सोपा आहे, वेस्टमिन्स्टर स्टेशनपासून दोन-तीन मिनिटांवर आहे आणि खाली दिलेल्या सगळ्या ठिकाणांहून तिथे सहज येता येतं.

*क्रिकेट असेल तर लॉर्ड्‌स.* लंडन ब्रिजहून ज्युबिली लाइन थेट सेंट जॉन्स वुडला जाते, वीसेक मिनिटं लागतात. तिथून मैदान चालत दहा मिनिटांवर. मार्गदर्शकाबरोबरची फेरी दीड तासाच्या पुढे चालते आणि तिचं तिकीट आधी काढावं लागतं. मोठ्या सामन्यांच्या दिवशी फेऱ्या नसतात. लाँग रूम, १९८३ च्या २५ जूनला कपिलदेवने विश्वचषक उंचावला ती बाल्कनी आणि पाहुण्या संघाच्या खोलीतले सन्मानफलक पाहायला मिळतात. लॉर्ड्‌सवर कसोटी शतक करणाऱ्याचं नाव त्या फलकावर लागतं. दिलीप वेंगसरकरांचं नाव तिथे तीनदा आहे: १९७९, १९८२ आणि १९८६. अजित आगरकर २००२ मध्ये आणि अजिंक्य रहाणे २०१४ मध्ये त्या फलकावर गेले. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या माणसाला ही नावं तिथे वाचताना काय वाटेल, ते सांगायला नको.

*आंबेडकरांचं घर.* १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १०, किंग हेन्रीज रोड इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली हे घर विकत घेऊन स्मारक केलं. लंडन ब्रिजहून नॉर्दर्न लाइनची एजवेअरकडे जाणारी गाडी धरून चॉक फार्मला उतरा, तिथून घर काही मिनिटांच्या चालीवर आहे. उघडं असण्याचे दिवस आणि वेळा निघण्याआधी तपासा. आत जाताना घाई करू नका. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळवणारा विद्यार्थी इथून रोज ग्रंथालयात जात होता, हे आठवत त्या खोल्या पाहाव्यात. शेजारीच प्रिमरोझ हिल ही हिरवी टेकडी आहे. वर गेलं की सगळं मध्य लंडन समोर दिसतं. लॉर्ड्‌सही इथून चालत अर्ध्या तासावर आहे. परतताना चेरिंग क्रॉसमार्गे जाणारी गाडी बघा. लगेच नसली तर कॅम्डन टाउनला बदला.

*चित्रं असतील तर नॅशनल गॅलरी.* बरो मार्केटहून नदीकाठानेच पुढे जा. शेक्सपिअरच्या नाटकगृहाची १९९७ मध्ये उघडलेली प्रतिकृती आणि जुन्या वीजकेंद्रात २००० साली सुरू झालेलं टेट मॉडर्न वाटेत लागतं. टेटमध्ये स्वच्छतागृह, लिफ्ट आणि बसायला जागा आहे, त्याचा लाभ घ्या. समोरच्या पायी चालण्याच्या मिलेनियम पुलावरून सेंट पॉल्स कॅथीड्रल गाठा. १६६६ च्या आगीनंतर ख्रिस्तोफर रेनने उभारलेला तो घुमट बाहेरूनही भरून पाहण्यासारखा आहे. तिथून १५ नंबरची लाल डबलडेकर बस ट्राफल्गर चौकाजवळ सोडते. वरच्या मजल्यावर पुढची बाकं मिळाली तर फ्लीट स्ट्रीट आणि स्ट्रँड हे जुने रस्ते बसून पाहून होतात. गॅलरीत सगळी दालनं पाहायला जाऊ नका. व्हॅन गॉगची ‘सूर्यफुलं’ आणि आणखी पाच-सहा चित्रं आधी निवडा आणि प्रत्येकासमोर पाच मिनिटं तरी उभे राहा. गॅलरी बहुतेक दिवशी सहाला बंद होते, शुक्रवारी नऊला. संसद चौक इथून व्हाइटहॉलने चालत पंधरा मिनिटांवर आहे, म्हणून पाच-चाळीसला बाहेर पडा.

*भारतीय शिल्पं असतील तर ब्रिटिश म्युझियम.* रोझेटा शिला आणि अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं एवढंच ठरवून जा. अमरावतीच्या संगमरवरी दिसणाऱ्या चुनखडकावरचं कोरीव काम पाहायलाच एक तास हवा. हे संग्रहालय पाच वाजता बंद होतं, शुक्रवारी मात्र साडेआठपर्यंत उघडं असतं.

लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये मेडा व्हेलच्या हाउली प्लेसमध्ये राहिले; सावरकर हायगेटच्या इंडिया हाउसमध्ये राहिले. दोन्ही घरांवर पाट्या आहेत. कोणाच्या मनात तिथे जायचं असेल तर जरूर जावं, पण ती खासगी घरं आहेत. रस्त्यावरून नमस्कार करावा, घंटी वाजवू नये.

संध्याकाळ: संसद चौक आणि वेस्टमिन्स्टर ब्रिज

गांधीजींचा ब्राँझचा पुतळा २०१५ मध्ये इथे उभा राहिला. याच चौकात चर्चिल आणि मंडेलाही आहेत. समोरचा घड्याळाचा मनोरा ९६ मीटर उंच आहे. २०१२ पासून त्याचं नाव एलिझाबेथ टॉवर आहे. बिग बेन हे आतल्या मोठ्या घंटेचं नाव. तासाच्या ठोक्याला तिथे असलात तर बोलणं थांबवून ऐका.

इथून वेस्टमिन्स्टर ब्रिजवर जा आणि पूल ओलांडून दक्षिण काठाने रमतगमत चाला. जूनमध्ये रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, म्हणून उजेड भरपूर असतो. डिसेंबरात चारच्या आधीच मावळतो, पण तेव्हा दिव्यांमुळे हाच काठ सुंदर दिसतो. हा तास कोणत्याही ठिकाणासाठी राखू नका. लंडन आयचा पाळणा डोळ्यांसमोर असेल. तो कोणाच्या कागदावर नसेल तर खालूनच पाहा. बकिंगहॅम राजवाड्याबाहेरच्या पहाऱ्याच्या बदलाचंही तेच. तो ठरावीक दिवशीच असतो आणि त्यासाठी सकाळचे दोन तास गर्दीत उभं राहावं लागतं. दोघांपैकी एकाला मनापासून हवा असेल तर टॉवरऐवजी तो ठेवा, दोन्ही नको.

वार, ऋतू आणि पाऊस

रविवारी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे आणि सेंट पॉल्स प्रार्थनेसाठी उघडी असतात, पर्यटकांसाठी नाही. सोमवारी बरो मार्केट बंद. शुक्रवारी संग्रहालयं उशिरापर्यंत उघडी असतात, म्हणून वार निवडता येत असेल तर शुक्रवार घ्या. २५ डिसेंबरला ट्यूब आणि बस पूर्ण बंद असतात. त्या दिवशी हा बेत आखूच नका. दिवसभर पाऊस लागला तर नदीकाठची चाल गाळा, टॉवरहून थेट संग्रहालय गाठा आणि तिथल्याच कॅफेत जेवा.

सांभाळायच्या गोष्टी

लंडनमध्ये हातातला फोन हिसकावून सायकलवरून पळणारे चोर आहेत. नकाशा पाहायचा असेल तर रस्त्याच्या कडेला उभे राहू नका. भिंतीला पाठ लावून किंवा दुकानात शिरून पाहा. वेस्टमिन्स्टर ब्रिजवर वाट्यांखाली चेंडू लपवून पैसे लावायचा खेळ चालतो. जिंकणारे त्यांचेच साथीदार असतात, थांबू नका. पासपोर्ट मुक्कामी कुलपात आणि त्याची छायाप्रत जवळ ठेवा. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहा, डावी बाजू घाईत असलेल्यांची. तातडीच्या मदतीला ९९९, तब्येतीच्या सल्ल्याला १११.

सर्वात जास्त सांभाळायचा तो एकमेकांचा थकवा. दर दीड तासाला दहा मिनिटं बसायचं असं आधीच ठरवून टाका, म्हणजे ‘मला बसायचंय’ हे कोणालाच कमीपणा घेऊन सांगावं लागत नाही. चार वाजता कॉफी घ्या. अगदीच दमलात तर दुपारचं ठिकाण अर्ध्यावर सोडा. पैसे भरलेत म्हणून पाय ओढत फिरण्यात काही अर्थ नाही.

रात्री मुलांचा फोन येईल आणि ‘काय काय पाहिलं?’ असं विचारलं जाईल. तुमची यादी इतरांपेक्षा लहान असेल. पण त्यातल्या प्रत्येक ठिकाणाबद्दल तुम्ही दोघंही दहा-दहा मिनिटं बोलू शकाल आणि ते बोलणं एकसारखं नसेल. फोन स्पीकरवर ठेवा आणि दोघंही सांगा.